जपानी साहेब इंग्रजीच्या वर्गात गप्प का बसतात? (एका पोस्टला उत्तर)

निशिकासाईकर:
कालपासून एक पोस्ट फिरतेय. तोक्योच्या कंपन्यांमध्ये बिझनेस इंग्लिश शिकवून परतलेले एक गृहस्थ म्हणतात, जपान्यांना इंग्रजी शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. टोईक या इंग्रजीच्या परीक्षेत ८०० गुण, पण ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारलं की माना खाली. वर शंभर लाइक्स. मी हेच काम करतो, म्हणून डोकं फिरलं.

गृहस्थांनी हे सांगितलंच नाही की वर्गात बसवलं कुणाला होतं. पैसे कंपनी भरते, यादी एचआर करतो. एकाच टेबलाशी बुच्यो (विभागप्रमुख), काच्यो (त्याच्या हाताखालचा साहेब) आणि गेल्या एप्रिलमध्ये लागलेलं पोर, तेही संध्याकाळी सातला, दिवसभर राबून. बुच्योच्या आधी ते पोर तोंड उघडेल? आणि त्या पोरासमोर बुच्यो चुकायला तयार होईल? माझ्या एका वर्गातले बुच्यो दौऱ्यावर गेले, त्या दिवशी तीच मंडळी इतकी बोलली की वेळ संपल्यावर दिवे मालवून बाहेर काढावं लागलं.

राहिलं टोईक. दोन तासांत २०० प्रश्न, ऐकणं नि वाचणं, सगळे पर्यायी. बोलायची परीक्षा वेगळी आहे, पण बढतीच्या वेळी बहुतेक कंपन्या पहिलीचेच गुण बघतात. जे मागितलं ते लोकांनी दिलं.

मी थेट मत विचारत नाही. आधी दोन मिनिटं कागदावर लिहा, मग शेजाऱ्याशी बोला, मग शेजाऱ्याचं म्हणणं सगळ्यांना सांगा. मत दुसऱ्याचं असलं की चुकायची भीती बरीच उतरते.

सदाशिवकाका:
असहमत. वर्गात ठीक, पण जर्मन ग्राहक समोर बसला की त्यालाही ‘दोन मिनिटं लिहू द्या’ म्हणणार का? राकुतेन या जपानी ऑनलाइन विक्री कंपनीनं २०१० मध्ये जाहीर केलं आणि २०१२ पासून कंपनीची भाषा इंग्रजी करून टाकली, कँटीनच्या मेन्यूसकट. गुण नाहीत तर बढती नाही. झकत शिकले लोक! तुमचे हे लाड चाललेत.

हिंजवडी_एन२:
मुळात त्यांना इंग्रजी शिकवायचंच कशाला? इथं आम्ही नोकरी सांभाळून रात्री कांजी (जपानी चित्रलिपी) घोटल्या, जपानीच्या परीक्षेची एन२ पातळी काढली, तेव्हा जपानी क्लायंट आणि इथली टीम जोडणाऱ्या ब्रिज इंजिनिअरचा पगार मिळतोय. उद्या क्लायंट इंग्रजीत बोलू लागला की आम्हाला विचारतो कोण? आणि हे पुण्यकर्म मराठी माणूसच करतोय!

निशिकासाईकर:
म्हणजे तुमची भाकरी टिकावी म्हणून त्यांनी मुकं राहायचं? वा!

ओकायामा_वहिनी:
पुण्यात जपानी शिकवते, म्हणून राहवत नाही. टोईकला हसताय, पण आपल्या लाडक्या जेएलपीटीत, म्हणजे याच एन२वाल्या जपानीच्या परीक्षेत, बोलायची परीक्षा कुठे आहे? सगळ्यात सोप्या एन५ पासून सगळ्यात अवघड एन१ पर्यंत नुसते गोल काळे करायचे. माझ्याकडे एन२ झालेली मुलं येतात आणि जपानी साहेबाचा फोन वाजला की शेजारच्याच्या हातात देतात. मग ‘मराठी माणूस म्हणजे पालथा घडा’ अशी पोस्ट टाकू का मी?

हिंजवडी_एन२:
वहिनी, हे वैयक्तिक होतंय. मी फोन कुणाच्या हातात देत नाही. रोज सकाळी क्लायंट मीटिंगला दुभाषा असतो मी. जपानी गप्प का असतात ते मला विचारा. आपले पाच जण एकदम बोलतात. तिकडचा माणूस वाक्य जुळवतोय तोवर आमचा मॅनेजर ‘येस येस, नो प्रॉब्लेम’ करून पुढच्या स्लाइडवर. मीटिंग संपली की तासाभरात मला जपानीत लांबलचक मेल, सगळे प्रश्न त्यात. ज्या गोष्टीला ‘येस येस’ झालं होतं, नेमकी तीच त्यांना चालणार नसते.

सदाशिवकाका:
अहो, हे तर धागाकर्त्याचंच म्हणणं झालं!

हिंजवडी_एन२:
त्यांचं म्हणणं त्यांच्यापाशी. मेलचं भाषांतर मला करावं लागतं.

कावासाकीची_सेन्सेई:
बुच्यो कुठे बसतो यावर चर्चा, पण शिकवणाऱ्याचं कुणी बोलणार आहे की नाही? एका शाळेला फोनवर माझे उच्चार फार आवडले. फोटो पाठवल्यावर ‘आम्हाला नेटिव्हच (जन्मभाषा इंग्रजी असलेला) हवा’. दुसरीकडे घेतलं, पण कंत्राट आठवड्याला साडेएकोणतीस तासांचं. अर्धा तास वाढवला असता तर शाळेला माझ्या सरकारी विम्याचा हिस्सा भरावा लागला असता ना! २००७ मध्ये नोवा ही इंग्रजी शाळांची मोठी साखळी बुडाली तेव्हा हजारो शिक्षकांचे पगार अडकले. त्यानंतरही या धंद्यानं काही शिकल्याचं मला दिसलं नाही.

आणि काका, धाकाचं म्हणाल तर ऐका. माझे जुने विद्यार्थी आता फिलिपिनो शिक्षकांकडे २५ मिनिटांचे ऑनलाइन तास घेतात. घरी, रात्री, ऑफिसचं कुणी आसपास नसताना. धडाधड बोलतात. नेटिव्हही नाही आणि धाकही नाही.

सदाशिवकाका:
मग निशिकासाईकर, तुमचं दुकान बंद! ऑनलाइन बाई स्वस्तात बोलतं करतेय, कंपनीनं तुमच्या कागदपेन्सिलीला पैसे का द्यावेत?

निशिकासाईकर:
कारण मनिलातल्या बाईंसमोर बोलणारा तोच माणूस दुसऱ्या दिवशी बुच्योशेजारी बसला की पुन्हा गप्प. नोकरीत त्याला बुच्योसमोरच बोलायचंय, त्याचा सराव घरी एकट्यानं कसा होणार? राकुतेनमध्ये तर वरपासून खालपर्यंत सगळ्यांनाच इंग्रजीत चुकावं लागलं. नुसत्या धाकाचं कौतुक करताना हे विसरू नका. बाकी सेन्सेईंचं विम्याबद्दलचं खरंय. माझंही कंत्राट तसंच आहे.

सदाशिवकाका:
बरं, बुच्योचा मुद्दा दिला. दोन मिनिटं मात्र अजून पटत नाहीत. आमच्या वेळी साहेब ‘बोल’ म्हणाला की बोलायचं.

ओकायामा_वहिनी:
काका, तुमच्या वेळी साहेब मराठीत ‘बोल’ म्हणायचा.

हिंजवडी_एन२:
जपान्यांना काय शिकवायचं ते शिकवा, मी काही पाठिंबा देत नाहीये. पण समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचा वर्ग कुणी घेतं का, इंग्रजीतच? आमच्या मॅनेजरला पाठवायचंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.