गोल्फ कार्टचे मागचे टायर मडगार्डला घासतात : लिफ्ट किट घ्यावे का?

सारथी४८ :
नमस्कार मंडळी. ४८ व्होल्टची वापरलेली गोल्फ कार्ट घेतली आहे. आधीच्या मालकाने मूळचे १८ इंची टायर काढून २०×१०-१० चे (उंची २०, रुंदी १०, रिम १० इंच) बसवलेत, आणि मागे दोघांसाठी उलट्या तोंडाचे सीटही जोडले आहे. एकटा चालवतो तेव्हा काही त्रास नाही. मागे दोघे बसले आणि खड्डा आला, की घासल्याचा आवाज आणि रबराचा वास येतो. जो तो लिफ्ट किट (गाडीची बॉडी चाकांपासून उंच करणारा संच) बसवायला सांगतोय. तेच करू, की आधी आणखी काही तपासावे?

नटबोल्ट :
किटचे नंतर बघू. टायर नेमका कुठे घासतो ते आधी शोधा. दोन्ही मागच्या टायरच्या कडांना आणि माथ्याला भरपूर खडू फासा, मागे दोघांना बसवा आणि त्याच खड्ड्यावरून सावकाश न्या. मग मडगार्डच्या आत खडू कुठे लागलाय ते टॉर्च लावून बघा. आतल्या भिंतीला लागला असेल तर रुंदीची अडचण. छताला लागला असेल तर उंचीची. बाहेरच्या ओठाला लागला असेल तर रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते) किंवा आधीच लावलेला स्पेसर (चाकामागची जाड चकती) बघा. पुढच्या किंवा मागच्या कडेला, तेही एकाच बाजूला, असेल तर ॲक्सल सरकलाय का ते तपासा. स्प्रिंगचे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला किंवा पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले झाले की असे होते. तसे निघाले तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका.

पाटेवाला :
वरच्याशी सहमत. माझा संशय मात्र पाट्यांवर आहे. रिकाम्या गाडीला त्रास नाही आणि वजन पडल्यावरच घासते, म्हणजे मागची बाजू प्रमाणाबाहेर बसतेय. मागचे सीट, त्यावरची दोन माणसे आणि लेड-ॲसिड बॅटऱ्या, एवढे सगळे त्या पाट्यांवर येते. मूळ पाटे बहुधा मागच्या सीटचा विचार करून दिलेले नसतात.

सपाट जमिनीवर गाडी उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत उभे अंतर मोजा. दोन्ही बाजूंनी, आधी रिकामी आणि मग माणसे बसवून. टायरमधली हवा दोन्हीकडे सारखी हवी. एकच बाजू जास्त बसत असेल तर त्या बाजूचा पाटा तडकलाय का, शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी पट्टी) वाकलाय का, बुश (त्या सांध्यातल्या नळ्या) झिजलेत का ते बघा.

टायरचा हिशोबही लक्षात घ्या. १८ चे २० इंच केले की गाडी जमिनीपासून इंचभर उचलली जाते, म्हणून जागा वाढली असे वाटते. पण ॲक्सल आणि मडगार्ड यांच्यातले अंतर तेवढेच राहते आणि टायरचा माथा इंचभर वर येतो. म्हणजे वरची फट उलट २५ मिमीने घटते.

आणि एक कळकळीने सांगतो, नुसते शॉक अब्झॉर्बर बदलून पैसे घालवू नका. साधा शॉक हेलकावा आवरतो, वजन पेलत नाही.

मोकळीवाट :
मी थोडे वेगळे सुचवतो. खडू आतल्या भिंतीला लागला तर स्पेसर लावा, काम पटकन होते.

नटबोल्ट :
होते, पण जपून. स्पेसरने चाक बाहेर येते, मग तोच टायर बाहेरच्या ओठाला लागू शकतो. शिवाय नुसता सरकवायचा स्पेसर असेल तर स्टडवर (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या बोल्टवर) नटला धरायला आटे कमी उरतात. निदान स्टडच्या व्यासाइतके आटे नटमध्ये बसलेच पाहिजेत. तेवढे बसत नसतील तर स्वतःचे स्टड असलेला स्पेसर घ्या. बेअरिंगवरचा भारही वाढतो, म्हणून लागेल तेवढ्याच जाडीचा.

सारथी४८ :
खडू लावून बघितले. डावीकडे छताला आणि आतल्या कोपऱ्याला लागलाय, उजवीकडे अगदी पुसट. मोजल्यावरही डावी बाजू बरीच जास्त बसते. खाली वाकून पाहिले तर डावीकडचा एक पाटा यू-बोल्टजवळ तडकलेला! तेवढाच बदलू का?

पाटेवाला :
नाही, दोन्ही बाजू जोडीनेच बदला. नवा-जुना पाटा एकत्र ठेवलात तर गाडी तिरकी राहील. तुमच्या मॉडेलचे जास्त वजनाचे पाटे मिळाले तर तेच घ्या. रिकामी गाडी थोडी कडक चालेल, पण मागे माणसे नेहमी बसणार असतील तर ते सोसावे. शॅकल आणि बुशही त्याच वेळी उरकून घ्या. फक्त लांब शॅकल लावून भागवायचा विचार असेल तर शॅकल दोन इंच वाढवला की ॲक्सलपाशी जेमतेम एक इंचच मिळतो, आणि तडकलेला पाटा तसाच राहतो.

काम करताना जॅकवर विसंबू नका. पुढच्या चाकांना ठोकळे लावा आणि चेसिसखाली स्टँड द्या. बॅटरीची मुख्य वायर आधी काढून ठेवा.

सारथी४८ :
दोन्ही बाजूंचे पाटे आणि बुश बदलले. दोघांना बसवून पुन्हा खडू लावला, वर काहीच लागत नाही. डाव्या आतल्या कोपऱ्यात मोठ्या खड्ड्यात अजून किंचित डाग पडतो. तिथे प्लास्टिक कापू का?

नटबोल्ट :
कापा, पण आधी त्याच्या मागे वायरिंग किंवा ब्रेकची केबल नाही ना, ते हाताने चाचपून बघा. खुणेवर चिकटपट्टी लावून बारीक दातांच्या करवतीने थोडे थोडे काढा आणि कड कानशीने घासून घ्या. लोखंडी चौकटीला हात लावू नका. थोडे चालवून झाल्यावर यू-बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) पुन्हा आवळा, नवे पाटे बसले की ते ढिले पडतात.