आवडत्या थीम पार्कच्या शेजारी राहायला गेलं, तर त्याची जादू टिकेल का?

पाऊलवाट (धागाकर्ता)

माझ्या धाकट्या बहिणीचं काम आता घरूनच चालतं, तिच्या नवऱ्याचंही. कुठेही राहता येणार असेल तर आवडत्या थीम पार्कच्या शेजारीच राहू, असं दोघांच्या मनात आहे. पार्कपर्यंत चालत जाता येईल असं एक घरही त्यांनी बघून ठेवलंय. वार्षिक पास काढायचा आणि संध्याकाळी काम आटोपलं की आत जायचं, असा बेत. मी तिला मनापासून 'नको' म्हटलं. फोनवर हे बोलणं धड पुढे सरकत नाही, म्हणून इथे मांडतोय.

सवयीने कंटाळा येतो हे कोणीही सांगेल. मला त्याहून जास्त काळजी त्या जागेच्या रचनेची वाटते. थीम पार्क बांधतानाच बाहेरचं जग आतून दिसणार नाही याची काळजी घेतात. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्याच्याभोवती मातीचा उंच बांध घातला होता आणि त्या बांधावरून आगगाडी फिरवली होती. आत शिरलेल्या माणसाला शहराचा विसर पडावा हा हेतू. पण बांधाबाहेर बघता बघता मोटेलांची गर्दी झाली. तो अनुभव जमेस धरून डिस्नेने पुढे फ्लोरिडात सुमारे २७ हजार एकर जमीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप विकत घेतली. तिथलं मॅजिक किंगडम हे पार्क १९७१ मध्ये सुरू झालं. त्यात पाहुणे ज्या रस्त्यांवरून फिरतात तो खरं तर वरचा मजला आहे. कर्मचारी, सामान, कचरा या सगळ्याची ये-जा खालच्या बोगद्यांमधून होते.

डिस्नेलँडच्या हॉन्टेड मॅन्शनचं उदाहरण मला फार आवडतं. १९६९ साली उघडलेली ही भुताची हवेली. तिथे आपण एका खोलीत उभे राहतो आणि भिंती लांब होत जातात. प्रत्यक्षात ती खोली म्हणजे खाली जाणारी लिफ्ट आहे. राइड ज्या इमारतीत आहे ती बांधाच्या पलीकडे आहे, त्यामुळे माणसांना रुळांखालून तिकडे न्यायला ही युक्ती. हवेलीच्या आत असताना त्या पलीकडच्या मोठ्या ठोकळ्याची आपल्याला जाणीवही नसते.

शेजारी राहायला जाणं म्हणजे बांधाच्या बाहेरच्या बाजूला राहायला जाणं. जे लपवायला एवढा खटाटोप केला, तेच तिला भाजी आणायला जाता-येता दिसणार. मालाचे ट्रक, इमारतींच्या पाठी, कामाची पाळी संपवून थकून घरी निघालेले लोक. आम्ही लहान असताना शेवटच्या वळणावर रोलर कोस्टरचं टोक दिसलं की गाडीत जो आरडाओरडा व्हायचा, तो त्या वळणामुळे होता असं मला वाटतं. तिला आता ते वळणच उरणार नाही.

---

झोका

पूर्ण असहमत, आणि हे एका पार्कच्या शेजारी बरीच वर्षं राहून सांगतेय.

लांबून येणाऱ्याच्या हातात वेळापत्रक असतं. सकाळी उघडायच्या आधी फाटकाशी, मग सगळ्यात मोठ्या राइडच्या रांगेत, मग धावत परेडसाठी जागा धरायला. पोरं दमलेली, आईबाप चिडलेले, आणि तरी 'एवढे लांब आलोय' म्हणून कोणी बाहेर पडत नाही. त्या दिवसात पार्क नीट बघायला सवड कुणाला असते?

मी तासाभरासाठी जायचे. कित्येकदा एकही राइड घ्यायचे नाही. संध्याकाळ होताना दिवे एकदम लागत नाहीत, एकेक भाग उजळत जातो. पाऊस पडून गेल्यावर फरशीत सगळे रंग उतरतात. जुन्या कॅरोसेलवर प्रत्येक घोड्याचा चेहरा वेगळा कोरलेला असतो, हे मला तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसलं. वर्षातून एकदा येऊन हे दिसलं नसतं.

आणि बांधाचंच म्हणाल, तर कोपनहेगनचं तिवोली हे पार्क बघा. १८४३ पासून सुरू आहे, शहराच्या ऐन मध्यात, मुख्य रेल्वे स्टेशनच्या समोर. तिथल्या कित्येक पिढ्या त्याच्या शेजारी राहत आल्या. १९५१ साली डिस्नेलँडचे निर्माते वॉल्ट डिस्ने स्वतः ते बघून भारावून गेले होते. शेजाराने जादू मरत असती तर त्यांनी बघितली ती काय होती?

---

सांजवेळ

धागाकर्त्याशी सहमत, पण माझं कारण त्यांनी बाजूला ठेवलेलं सवयीचंच आहे. ते इतकं साधं नाही.

ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली मांडलं होतं की सुखाची पातळी वाढली की मन तिलाच नेहमीची पातळी धरून चालायला लागतं. हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. त्याहून मला २००८ मधला नेल्सन आणि मेव्हिस यांचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. सुखद अनुभवात मध्येच खंड पाडला तर तो जास्त सुखद वाटतो, असं त्यांना आढळलं. मसाज सलग घेणाऱ्यांपेक्षा मध्ये थांबून पुन्हा घेणाऱ्यांना तो जास्त आवडला. लोकांना आधी विचारलं तर मात्र खंड नकोसाच वाटतो. म्हणजे आपल्याला काय सुख देईल याचा आपलाच अंदाज चुकतो, आणि तुमच्या बहिणीचा बेत नेमका त्या अंदाजावर उभा आहे.

आणखी एक. जवळ राहणारे लोक रोज जातात असं इथे सगळे धरून चाललेत. माझ्या ओळखीचं एक कुटुंब पार्कपासून हाकेच्या अंतरावर राहतं आणि पाहुणे आले तरच तिकडे वळतं. 'उद्या जाऊ' म्हणता येतं ना, मग उद्यावरच राहतं. त्यांच्या मुलीला तर तिथे जायचा उत्साहच नाही. तिच्या लेखी ते शाळेच्या वाटेवरचं एक कुंपण आहे. मला त्या मुलीचं फार वाईट वाटतं.

---

निवांत

आतिषबाजीचा विचार करा. सुट्टीवर असताना ती डोळे भरून बघतो. घरात तान्हं बाळ किंवा घाबरणारा कुत्रा असेल तर तीच रोज रात्री नकोशी होते. डिस्नेलँडने २००४ मध्ये दारूच्या स्फोटाऐवजी दाबलेल्या हवेने बाण वर उडवायचं तंत्र आणलं, ते धूर आणि आवाज कमी व्हावा म्हणूनच. शेजाऱ्यांना त्रास होतो हे पार्कवाल्यांनाही कळतं. घर घ्यायचं तर कामाच्या दिवशी रात्री दहाला तिथे उभं राहून बघा.

---

भिंगरी

मी एका पार्कमध्ये राइड चालवायचं काम केलंय, त्यामुळे धागाकर्त्याने लिहिलेली 'बांधाबाहेरची बाजू' माझ्या रोजच्या कामाची जागा होती.

अंधारातल्या राइडमध्ये कामाचे पांढरे दिवे लावले की सगळं उघडं पडतं. काळ्या रंगाच्या भिंती, वायरी, सुटे झालेले कोपरे, बाहुल्यांच्या पाठीत बसवलेली यंत्रं. मी हे असंख्य वेळा पाहिलं. तरी सुट्टीच्या दिवशी त्याच राइडमध्ये बसले की पहिल्या वळणाला अंगावर काटा यायचा. कुठून काय येणार हे माहीत असूनही. किंबहुना माहीत होतं म्हणूनच, कारण तो क्षण नेमका साधायला किती माणसांनी काय केलंय हे मला ठाऊक होतं. दिसू नये अशा दारांना आणि खांबांना डिस्नेच्या पार्कमध्ये एक मुद्दाम बनवलेला फिका हिरवा रंग देतात, 'गो अवे ग्रीन' नावाचा. तो रंग एकदा ओळखता आला की लोक म्हणतात गंमत गेली. मला तर तो शोधण्यातच गंमत वाटते.

पण जवळ राहणाऱ्यांचं एक दुखणं मी जवळून पाहिलंय आणि त्याबद्दल इथे कोणी बोललेलं नाही. ते दुखणं म्हणजे बदल. लांबच्या माणसाला पुढच्या खेपेला कळतं की जुनी राइड गेली आणि नवी आली. थोडी हळहळ वाटते, मग तो नव्या रांगेत उभा राहतो. रोज येणाऱ्यांना ती राइड दिवसा-दिवसाने मोडताना दिसते. आधी पत्र्याचं कुंपण, मग नावाची पाटी उतरलेली, मग क्रेन. शेवटच्या दिवशी आमच्याकडे रांगेत उभी असलेली माणसं रडत होती, आणि त्यातली बहुतेक जवळपास राहणारी होती.

हीच माणसं पुढे पार्कवर पहारा ठेवायला लागतात. अमुक दिवा बंद आहे, तमुक धबधब्याला पाणी कमी सोडलंय, पूर्वी इथे गाणं वेगळं वाजायचं. त्यांचं म्हणणं खोटं नसायचं. पण त्यांना मजा करताना मी क्वचितच बघायचे. त्यांना पार्क आपलं वाटायला लागतं आणि पार्कच्या निर्णयांत त्यांना काडीचंही स्थान नसतं. मला धोका दिसतो तो इथे. ट्रक आणि इमारतींच्या पाठींनी फारसं काही बिघडत नाही.

---

कुतूहल

वॉल्ट डिस्ने यांची स्वतःची खोली राहिली की! डिस्नेलँडच्या मुख्य रस्त्यावर अग्निशमन केंद्राच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, त्यांनी स्वतःसाठी एक छोटं बिऱ्हाड थाटलं होतं. पार्कात मुक्काम करून खिडकीतून ते लोकांना बघायचे. त्या खिडकीतला दिवा त्यांच्या आठवणीत आजही तेवत ठेवतात. ज्याला प्रत्येक खिळा माहीत होता, त्याला तिथेच राहावंसं वाटलं.

दुसरं, महामारीचं. डिस्नेलँड १४ मार्च २०२० ला बंद झालं ते ३० एप्रिल २०२१ ला उघडलं, आणि सुरुवातीला फक्त कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांना प्रवेश होता. म्हणजे पहिल्या दिवशी आत गेले ते सगळे त्याच राज्यातले लोक. त्या दिवशी ते कंटाळलेले दिसत होते का?

---

पाऊलवाट (धागाकर्ता)

कुतूहल, त्या दिवशीच्या आनंदाबद्दल शंका नाही. पण तो वर्षभराहून जास्त काळ फाटक बंद राहिल्यावरचा आनंद होता. सांजवेळ यांनी सांगितलेला खंडच तो, फक्त नको इतका मोठा. तिवोलीचंही तेच. ते वर्षभर सलग उघडं नसतं. उन्हाळा, हॅलोवीन, नाताळ असे हंगाम असतात आणि मधल्या काळात बंद. शहराच्या मध्यात असूनही ते लोकांना वाट बघायला लावतं.

वॉल्ट डिस्ने यांची गोष्ट मला इथे लागू वाटत नाही. ते बनवणारे होते. खिडकीतून बघून दुसऱ्या दिवशी काहीतरी बदलू शकत होते. भिंगरी म्हणतात तो पहारा त्यांनीही केला, पण त्यांच्या हातात हातोडा होता. माझ्या बहिणीच्या हातात पास असेल.

---

झोका

मग हंगाम स्वतःच ठरवता येतो! वार्षिक पास आहे म्हणून रोज गेलंच पाहिजे असं कुठे आहे? शेजारी राहणाऱ्याला न जाण्याचीही मुभा असते. लांबून आलेल्याला ती नसते, त्याला आलेला दिवस वसूल करावाच लागतो. मी दोन-दोन महिने जायचे नाही. फाटकाबाहेरून जाताना आतलं संगीत कानावर यायचं आणि मी मुद्दाम घरी जायचे.

---

सांजवेळ

झोका, तुम्हाला ते जमलं, पण किती जणांना जमेल? फाटक आपोआप बंद होणं आणि उघड्या फाटकासमोरून मन आवरून पुढे जाणं, यांत फार अंतर आहे.

---

मधली_सुट्टी

दादा, मी ती बहीण. लिंक आईने पाठवली. सगळं वाचलं, भिंगरींचा प्रतिसाद दोनदा.

तू ज्या वळणाबद्दल लिहिलंस ते मलाही आठवतं. पण खरं सांग, गेल्या काही खेपांना ते वळण आलं तेव्हा आपल्यातलं कोण ओरडलं? तू गाडी चालवत होतास आणि पार्किंग कुठे मिळेल ते बघत होतास. मी पोरांच्या टोप्या शोधत होते. आपण लांबच राहतो, मध्ये मोठा खंड असतो, सांजवेळ म्हणतात ते सगळं पाळलं जातं, तरी तो आरडाओरडा परत आलेला नाही. आपलं वय वाढलंय, दादा. घर कुठेही घेतलं तरी ते व्हायचंच होतं.

मला थक्क व्हायला तिथे जायचं नाहीये. त्या जागेत मला बरं वाटतं, एवढंच. मोठी माणसं तिथे विनाकारण हात हलवून अनोळखी लोकांना निरोप देतात, त्यांना कोणी वेडं म्हणत नाही. कामाचा दिवस वाईट गेला तर संध्याकाळी अर्धा तास मला तसल्या माणसांत बसायचंय. याला तू जादू म्हणत नसशील तर दुसरं काही म्हण.

मुलांबद्दल मात्र सांजवेळ यांनी लिहिलेलं मनाला लागलं. त्यांना ते कुंपण वाटायला लागलं तर मला नक्की दुःख होईल. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

पाऊलवाट (धागाकर्ता)

वाचलं. पार्किंगचं खरं आहे. पण पोरं अजून त्या वळणाला ओरडतात. मागच्या वेळी तुझा धाकटा सीटवर उभा राहिला होता. तुझं आणि माझं जाऊ दे, त्याचं वळण अजून शाबूत आहे, आणि घराबद्दल मी 'नको' म्हणतोय ते त्याच्यासाठी. बाकी तुझ्या संध्याकाळच्या अर्ध्या तासाला माझा विरोध नाही.

---

भिंगरी

मधली_सुट्टी, जायचं ठरलंच तर कामाचं सांगते. करार छोट्या मुदतीचा करा. पार्कच्या मागच्या अंगाला, कर्मचाऱ्यांच्या फाटकाजवळ घर घेऊ नका. उघडण्याआधी रोज सकाळी रोलर कोस्टरचे रिकामे डबे फिरवून तपासतात, त्याचा आवाज त्या बाजूला सगळ्यात जास्त येतो. आणि शाळेची वाट पार्कच्या कुंपणावरून जाणार नाही असं घर मिळतंय का बघा. थोडं लांब पडलं तरी चालेल. मुलांना न्यायचं त्या दिवशी लांबचा रस्ता धरून पुढच्या फाटकाने न्या, जवळची वाट माहीत असली तरी.