मदत हवी आहे: एकाच शेतकऱ्याचे दोन प्लॉट, संख्याशास्त्राची टेस्ट कोणती लावू?

नमस्कार मंडळी. परभणीत एम.एस्सी. ॲग्री करतेय, प्रबंध लिहायला बसलेय. गेल्या खरिपात ३६ शेतकऱ्यांकडे सोयाबीनच्या दोन-दोन प्लॉटचा उतारा (उत्पादन) मोजला: एक बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर, दुसरा नेहमीच्या सपाट पेरणीचा.

वरिष्ठ म्हणाले, "दोन गट आहेत ना, टी-टेस्ट लाव." स्वतंत्र गटांची टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, ते तपासणारी) लावली, फरक सिग्निफिकंट, म्हणजे योगायोगापलीकडचा, येईना. पण माती, खत, मेहनत शेतकऱ्यागणिक वेगळी. तो फेरफार बाजूला काढायचा तर प्रत्येकाच्या दोन प्लॉटमधला फरक घेऊन पेअर्ड (जोडीजोडीची) टी-टेस्टच हवी ना? आणि नॉर्मल वितरण (घंटेच्या आकाराचं, टी-टेस्टची अट) तपासायचं ते या ३६ फरकांचं, दोन्ही उताऱ्यांचं वेगवेगळं नाही. बरोबर समजलेय का?

अडलंय एका रानापाशी. ओढ्याकाठची काळी भारी जमीन. काढणीच्या तोंडावर सपाट प्लॉटमध्ये पाणी तुंबलं, उभ्या झाडावर शेंगांना कोंब फुटले. शेजारच्या वरंब्यावरचं पीक मात्र वाचलं. तिथला फरक बाकीच्यांच्या कितीतरी पट आहे. तो वगळायला मन धजत नाही. पाण्याचा निचरा हाच तर बीबीएफचा गुण. म्हणून टी-टेस्टऐवजी विलकॉक्सन साइन्ड रँक टेस्ट घ्यावी म्हणते. ती फरकांचे क्रमांक लावते, एकच आकडा निकाल ओढून नेत नाही. पण फरकांचं वितरण मध्याच्या दोन्हीकडे साधारण सारखं पसरलेलं असावं, अशी तिचीही अट आहे. इथे चालेल का?

शेतकऱ्यांनी दिलेले समाधानाचे १ ते ५ गुण तीन तालुक्यांत ताडायला क्रुस्कल-वॉलिस (दोनपेक्षा जास्त गट क्रमांकांवरून ताडणारी टेस्ट) घेतलीय, त्यात शंका नाही.

"पुढच्या वर्षी बीबीएफ करणार का?" याची हो-नाही उत्तरं मात्र छळतायत. अल्पभूधारक, मध्यम, मोठे असे तीन गट. मोठे फक्त ६, एकूण 'नाही' १२; म्हणजे 'मोठे-नाही' या चौकटीतली अपेक्षित संख्या ६ × १२ ÷ ३६ = २. काय-स्क्वेअर टेस्टला (गट आणि उत्तर यांचा संबंध तपासणारी) ती ५ च्या आसपास तरी हवी. "मध्यम आणि मोठे एकत्र कर" असा सल्ला मिळाला. आकडे बघून झाल्यावर गट बदलणं मला पटत नाही, ते निकालाला सोयीचं केल्यासारखं होतं. त्यापेक्षा फिशरची एक्झॅक्ट टेस्ट बरी वाटते; ती लहान संख्यांनाही चालते आणि 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन ओळी, दोन रकान्यांच्या तक्त्यालाही चालते. कुणी प्रबंधात वापरलीय का? परीक्षकांनी विचारलं तर कारण कसं मांडलंत, तेवढं सांगा.