लिपस्टिकच्या लाल रंगात खरोखरच कीटक असतात का?

नौपाडा_वाचक (ठाणे)

माझ्या सासूबाई काटेकोर शाकाहारी आहेत. नणंदेच्या लग्नात लावण्यासाठी मी गोखले रोडवरच्या एका दुकानातून त्यांच्याकरिता गर्द लाल लिपस्टिक आणली. खोक्यावरच्या बारीक अक्षरांत ‘सीआय ७५४७०’ असा क्रमांक आहे. हा रंग किड्यांपासून काढतात, असे भजनी मंडळातील एका मैत्रिणीने सांगितल्यापासून त्यांनी तिला हातही लावलेला नाही. हे खरे आहे का? असल्यास ओठांना लावायच्या वस्तूत किडे आले कुठून आणि तिच्यात आणखी काय काय असते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

रंगवेडी_ऐरोली

ताई, सासूबाईंना मिळालेली माहिती खरी आहे. ७५४७० हा कार्मिनचा क्रमांक. मेक्सिको, पेरू या देशांत फड्या निवडुंगावर कोचिनील नावाचा कीटक वाढतो. त्याच्या माद्या गोळा करून वाळवतात, त्यांतील कार्मिनिक आम्ल पाण्यात उतरवतात आणि ॲल्युमिनियमच्या क्षाराशी संयोग घडवून न विरघळणारा गडद लाल रंग मिळवतात. एक पौंड वाळलेल्या कोचिनीलसाठी सुमारे ७०,००० कीटक लागतात.

मी रबाळे एमआयडीसीतील सौंदर्यप्रसाधनांच्या एका प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे बाकीच्या घटकांविषयीही खात्रीने सांगू शकते. कांडी ताठ उभी राहते ती मुख्यतः कार्नोबा मेणामुळे. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवर जमणारे हे मेण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावरच वितळते. नुसते तेच वापरले तर कांडी ठिसूळ होते, म्हणून जोडीला कँडेलिला किंवा मधमाश्यांचे मेण घालतात. तेलांमध्ये पहिला मान एरंडेलाचा, कारण ते दाट असल्यामुळे ओठांवरून ओघळत नाही आणि रंगाचे कण त्यात उत्तम भिजतात. कोरडा रंग एरंडेलात कालवून तीन रुळांच्या मिलमधून पुन्हा पुन्हा काढावा लागतो. गुठळी राहिली तर ती ओठांना खरखरीत लागते. मग हे मिश्रण वितळलेल्या मेणात घालून, हवेचे बुडबुडे काढून साच्यात ओततात. थंड झालेल्या कांडीवरून शेवटी क्षणभर ज्योत फिरवली जाते. त्या आचेने पृष्ठभाग अगदी वरवर वितळून लगेच आळतो आणि नव्या लिपस्टिकची ती चकाकी येते. मला आजही ही पायरी पाहायला सर्वांत जास्त आवडते.

सासूबाईंना मधमाश्यांचे मेण आणि मेंढीच्या लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन चालते का, हेही विचारून घ्या. ही दोन्ही लिपस्टिकमध्ये सर्रास असतात.

इतिहासप्रेमी_वाशी

किडे आले कुठून, याविषयी थोडे लिहितो. फार जुने रंग खनिजांचे होते. इराणमधील जिरोफ्त भागात सापडलेल्या एका दगडी कुपीतील गडद लाल लेप जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचा असून तो ओठांसाठीच असावा, असे तो तपासणाऱ्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडले. त्याचा मुख्य घटक हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे खनिज, आणि त्यात वनस्पतिजन्य मेणाचेही अंश मिळाले. रंग आणि मेण ही जोडी इतकी जुनी आहे.

कोचिनील मात्र अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले आणि मेक्सिकोतून जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल त्याचे मोल झाले. ते दाण्यासारखे दिसत असल्याने कित्येक युरोपीयांना ते बी वाटे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कीटकाचे अवयव दिसले. आपल्याकडे पायांना लावायचा पारंपरिक अळिताही लाखेच्या किड्यापासूनच होत असे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी मानू नये.

फिरवून वर येणाऱ्या नळीचे पेटंट अमेरिकेत १९२३ साली घेतले गेले. हेझल बिशप या रसायनशास्त्रज्ञ महिलेने बराच वेळ टिकणारी लिपस्टिक १९५० मध्ये बाजारात आणली, आणि टाटांनी लॅक्मे सुरू केली १९५२ मध्ये.

नौपाडा_वाचक (ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. मधमाश्यांचे मेण सासूबाईंना चालते, मध त्या खातातच. खोके पुन्हा पाहिले, तर ७५४७० हा क्रमांक ‘असू शकते’ या शब्दांनंतरच्या यादीत आहे. मग आमच्या छटेत तो नक्की आहे की नाही?

रंगवेडी_ऐरोली

नुसत्या त्या यादीवरून ते ठरवता येणार नाही. पुष्कळदा सगळ्या छटांसाठी एकच मजकूर छापतात आणि त्यांपैकी कोणत्याही छटेत वापरलेला रंग त्या यादीत येतो. कांडीच्या बुडाशी छटेचा क्रमांक असतो. तो कळवून कंपनीच्या ग्राहक सेवेकडून लेखी उत्तर मागवा. लग्नापूर्वी उत्तर आले नाही, तर ज्या खोक्यावर ७५४७० कुठेही नाही आणि लाल रंगासाठी १५८५० हा कृत्रिम रंग किंवा ७७४९१ हा लोहाचा ऑक्साइड दिलेला आहे, अशी लिपस्टिक घ्या. सासूबाईंना गर्द लाल हवा असेल तर १५८५० असलेली पाहा. लोहाच्या ऑक्साइडची छटा विटकरीकडे झुकते.