सगळं काम एकट्या पाळकांवर : शिक्षक आणि वडील (मंडळी सांभाळणारे एल्डर) कसे तयार करायचे?

ऐरोलीकर
सर्वांना सप्रेम सलाम. आमची स्वतंत्र ख्रिस्ती मंडळी (चर्च) आहे. ८०-९० माणसं, रविवारी शाळेच्या हॉलमध्ये उपासना, घरं कळव्यापासून कोपरखैरण्यापर्यंत पसरलेली. संदेश, घरभेटी, लग्नं, दफनविधी, हॉलचं भाडं, अर्पणाचा हिशेब, सगळं पाळकसाहेबच बघतात. इफिसकरांस ४:११ दाखवून काही जण म्हणतात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक अशी पाचही पदं नेमा. बाकीचे म्हणतात दोन डिकन (मंडळीचे सेवक) पुरेत. सुरुवात कुठून करावी?

घरसभा_कळवा
पदांपासून तर मुळीच नको. ११ व्या वचनावर सगळे थांबतात आणि १२ वं राहून जातं: ही माणसं दिली ती पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला. अंत्युखियाची मंडळी बघा (प्रेषितांची कृत्ये १३). बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, लूक्य कुरेनेकर, मनाएन आणि शौल असे पाच जण शिकवणारे. त्यातले दोघे बाहेर पाठवले तरी मंडळी उघडी पडली नाही. तुमचे पाळकसाहेब तापाने झोपले तर त्या रविवारी काय होतं, हा खरा प्रश्न.

शिक्षक तयार होतो घरसभेत. आठ-दहा माणसांचे गट करा. प्रत्येक गटात एक चालवणारा आणि एक शिकाऊ. शिकाऊला पहिले दोन महिने फक्त वाचन आणि प्रश्न विचारणं, मग सात मिनिटांचं मनन, ते जमलं की रविवारचा संदेश, तोही २० मिनिटांच्या आत. विषय त्याने निवडायचा नाही. मार्कचं शुभवर्तमान पहिल्यापासून घ्या, उतारे आधीच वाटून द्या. बुधवारपर्यंत एका पानाचा आराखडा पाळकांकडे आला पाहिजे: उतारा काय म्हणतो, कोणाला म्हणतो, आज काय करायचं. संदेशानंतर दोन-तीन दिवसांत दोघांनी त्याच्याशी एकांतात बोलावं. हे बोलणंच बहुतेक ठिकाणी गळतं. मग नवा माणूस उतारा सोडून साक्षच, म्हणजे स्वतःचा अनुभवच, सांगत बसतो आणि लोक 'छान झालं' म्हणून घरी जातात.

वहीखाते
पैशाचं काम आधी पाळकांकडून काढा, ते सगळ्यात सोपं. अर्पण त्याच दिवशी, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायचं. चिठ्ठीवर रोख आणि ऑनलाइन वेगळे आकडे, दोघांच्या सह्या. सोमवारी बँकेत भरणा. मोजणारे दर तीन महिन्यांनी बदला.

ट्रस्ट नोंदलेला असेल तर विश्वस्त आणि वडील यांत गल्लत करू नका. विश्वस्त कायद्याला उत्तर देतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. वडील शिकवण आणि माणसं सांभाळतात. ज्याचं देणं मोठं तो विश्वस्त, विश्वस्त म्हणून वडील, वडील म्हणून संदेश द्यायला उभा, ही साखळी फार मंडळ्यांत दिसते. हिशेबात पक्का माणूस शिकवण्यात कच्चा असू शकतो, त्यात कमीपणा नाही. एका घरातले दोघे वडील मंडळात नकोत. मुदत तीन वर्षं ठेवा, पण सगळे एकदम बदलू नका.

सानपाडा_वाचक
पाच पदांबद्दल थोडं वेगळं मत. 'पाळक व शिक्षक' यांना मूळ ग्रीकमध्ये एकच उपपद आहे, म्हणून ती जोडी की दोन वेगळी माणसं यावर अभ्यासकांतच वाद आहे. त्यावर व्हिजिटिंग कार्डं छापू नयेत. 'प्रेषित' म्हणवून घेणाऱ्याला प्रश्न कोण विचारणार? याकोब ३:१ म्हणतो शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, आणि १ तीमथ्य ३:६ नवशिक्याला अध्यक्ष (मंडळीवर देखरेख करणारा) करू नका म्हणतो. नेमण्याआधी वर्षभर ते काम करताना बघा.

बहिणींचं काय, हे आत्ताच ठरवा. प्रिस्किल्लाने अक्विल्लाबरोबर अपुल्लोस या उपदेशकाला देवाचा मार्ग अधिक अचूक समजावला. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. कॅथलिकांत ती नाही, पण २०२१ पासून वाचक आणि वेदीसेवक ही नेमणूक स्त्रियांनाही खुली आहे. तुमच्या मंडळीचं मत काहीही असो, ते नियमावलीत लिहा. नाहीतर संडे स्कूल वर्षानुवर्षं बहिणींच्याच अंगावर आणि निर्णयाच्या बैठकीत त्यांना जागा नाही, असं होतं.

ऐरोलीकर
आभारी आहे. पण पाळकसाहेबांना वाटेल, मला बाजूला सारतायत.

घरसभा_कळवा
वाटणारच. म्हणून यादी त्यांच्याकडूनच करून घ्या: आठवडाभर काय काय केलं ते लिहायचं, मग जे दुसऱ्या कोणाला देता येईल त्यावर खूण. मोशेचा सासरा इथ्रो यानेही मोशेचं काम काढून घेतलं नाही, अवघड प्रकरणं त्याच्याकडेच ठेवली (निर्गम १८). महिन्यातले दोन रविवार संदेश त्यांचाच असू द्या.

आणि पाळी लावताना रेल्वेचा मेगाब्लॉक बघा. ठाण्याहून येणारी ट्रान्स-हार्बर लोकल बंद असेल त्या रविवारी संदेश देणारा ठाण्याच्या बाजूचा नको, नाहीतर गाणी म्हणत त्याची वाट बघावी लागेल.