हीट पंपाचं बाहेरचं युनिट कुठे बसवावं: ड्राय बाल्कनी, मार्जिन की गच्ची?

प्रश्न:
पुण्यात दुमजली बंगला, घरात सहा माणसं. गीझर काढून आंघोळीच्या पाण्यासाठी 300 लिटरचा हीट पंप घेतोय. टाकी आणि बाहेरचं युनिट वेगवेगळं आहे. जागा तीन: ग्रिल लावलेली 5 बाय 4 फुटांची ड्राय बाल्कनी, शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या बाजूचं पाच फुटी मार्जिन (बंगल्याभोवतीची मोकळी पट्टी), आणि गच्ची. गच्चीवर दक्षिणेला सोलर पॅनल आहेत, दुपारी ऊनही कडक. एसीच्या आउटडोअरला सावली लागते, म्हणून ड्राय बाल्कनीकडे कल आहे. चुकतंय का?

प्रतिसाद 1:
हो, कारण इथे एसीचा नियम उलटा होतो. एसीचं आउटडोअर उष्णता बाहेर टाकतं. हे युनिट हवेतली उष्णता ओढून घेतं आणि गार हवा सोडतं. त्यामुळे हवा जितकी उबदार, तितकी वीज कमी. चार-पाच फुटांच्या कोंडलेल्या जागेत तीच गार हवा फिरून पुन्हा आत ओढली जाते. मग तापायला वेळ लागतो आणि थंडीत कॉइलवर बर्फही धरतो. शिवाय तिथे चिमणीचा पाइप सुटत असेल तर तेलकट वाफेने कॉइलवरच्या पातळ पट्ट्या (फिन) चिकट होतात.

मार्जिनमध्ये दोन भिंतींमध्ये आवाज घुमतो, आणि तो थेट शेजाऱ्यांच्या खिडकीत जाईल.

गच्चीच घ्या. युनिट पॅनलच्या उत्तरेला ठेवा, म्हणजे त्याची सावली पॅनलवर पडणार नाही. मागे किमान एक फूट, पंख्यासमोर चार-पाच फूट मोकळं, आणि सर्व्हिसच्या बाजूला माणूस बसेल एवढी दोन फूट जागा. मॅन्युअलमध्ये याहून जास्त अंतर दिलं असेल तर तेच पाळा. पंख्याचं तोंड नैर्ऋत्येला नको. पावसाळी वारा तिकडूनच येतो आणि पंख्याला उलटा दाबतो.

प्रतिसाद 2:
गच्चीला दुजोरा, पण स्टँडसाठी कोब्यात ड्रिल करू देऊ नका. बोल्टच्या भोकांतून पाणी मुरतं आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या छताला ओल येते. सिमेंटचे ब्लॉक ठेवा, त्यावर लोखंडी फ्रेम, मध्ये रबरी पॅड. युनिट जमिनीपासून सहा ते आठ इंच उंच हवं. टाकीचं वजन विसरू नका: नुसतं पाणीच 300 किलो, टाकी धरून 400 च्या आसपास. ती बीमवर किंवा कॉलमजवळ घ्या, स्लॅबच्या मध्यावर नको.

पावसाळ्यात दमट हवेमुळे कॉइलवरून तासाला लिटरभर पाणी सहज ठिबकतं. एक इंची पाइप उतार देऊन पावसाळी पाण्याच्या पाइपपर्यंत न्या, नाहीतर त्या जागी कायम शेवाळ.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. पण तळमजल्याचं बाथरूम गच्चीपासून लांब पडतं. आणि थंडीत पहाटे हवाच 10 अंशांवर असते, तेव्हा काय?

प्रतिसाद 1:
पाऊण इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपमध्ये मीटरमागे पाव लिटर पाणी मावतं. 12 मीटर अंतर असेल तर गरम पाणी येण्याआधी तीन लिटर गार पाणी वाहून जाणार. म्हणून टाकी बाथरूमच्या शाफ्टच्या (पाइप जातात त्या उभ्या पोकळीच्या) डोक्यावर आणा आणि युनिट तिच्या शेजारीच ठेवा. गरम पाइपला पूर्ण लांबीभर इन्सुलेशन हवंच. उघड्या भागावर ऊन लागून ते फाटतं, त्यावर अॅल्युमिनियमचं आवरण चढवा.

पहाटे चालवायचंच कशाला? टायमर दुपारी 12 ते 4 लावा. 300 लिटर पाणी 20 वरून 55 अंशांवर न्यायला सुमारे 12 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. दुपारच्या हवेत चांगला पंप ते काम साडेतीन-चार युनिट विजेत करतो, आणि चांगल्या इन्सुलेशनच्या टाकीत सकाळपर्यंत पाणी आंघोळीपुरतं गरम राहतं.

प्रतिसाद 3:
हीट पंपातला गॅस आर-290 असेल तर तो प्रोपेन, म्हणजे पेट घेणारा वायू आहे. हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर खाली साचतो. युनिटजवळ उघडी नहाणी (पाणी जाण्याचं तोंड), शाफ्टचं तोंड किंवा जिन्याचं दार नको. मॅन्युअलमध्ये सुरक्षित अंतर दिलेलं असतं. टाकी शाफ्टच्या डोक्यावर आली तरी युनिट त्याच्या तोंडापासून तेवढं लांब बसतं का, ते टाकीची जागा आखण्याआधी मोजून घ्या.