बेसूर अल्बम डोक्यावर घेणारे खरंच गाणं ऐकतात का?

खामल्याचा टेपवाला
'द शॅग्ज' म्हणजे अमेरिकेतल्या फ्रीमाँट गावच्या विगिन बहिणी. त्यांचा १९६९ चा अल्बम 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड' मी कोणालाही ऐकवला की लोक दोन मिनिटांत हसायला लागतात. गिटार सुरात नाही, ड्रम भलत्याच लयीत. माझं म्हणणं एवढंच, हेडफोन लावून नीट ऐका. त्यातली डॉट जे गाते तेच तिची गिटार सूर न् सूर वाजवते. चाल वाकडी, पण गळा आणि गिटार एकाच वळणावर वळतात. मागे तिची बहीण हेलन, तिचा ड्रम आपल्याच नादात. हे चुकून झालेलं नाही, घोटून बसवलेलं आहे. ऑटोट्यूननं, म्हणजे संगणकानं सूर सरळ केलेली गुळगुळीत गाणी ऐकून कान विटले की मला हेच लागतं.

शुद्धमध्यम
घोटून बसवलेलं की घोटवून घेतलेलं? आजीनं हात पाहून सांगितलं होतं म्हणे, की पोरींचा बँड गाजेल. तेवढ्यावर बापानं, ऑस्टिन विगिननं, त्यांची शाळा सोडवली आणि रोज तालमीला बसवलं. १९७५ मध्ये तो गेला आणि बँडही तिथेच संपला. मी धरमपेठेत गाणं शिकवते. षड्ज लागत नाही म्हणून एखादी पोर रडकुंडीला येते, तिला काय सांगू, राहू दे, तिकडे याला भाव आहे?

इतवारीचा भाऊ
मॅडम, पण तो अमेरिकेतला गायक डॅनियल जॉन्स्टन, त्याला कोणत्या बापानं बसवलं होतं? साधा सान्योचा मोनो टेपरेकॉर्डर घेऊन १९८३ मध्ये 'हाय, हाऊ आर यू' अल्बम भरला त्यानं. सुरुवातीला तर कॉपी काढायची सोयच नव्हती, म्हणून कोणाला कॅसेट द्यायची झाली की पठ्ठ्या गाणी पुन्हा गाऊन भरे! ऑस्टिन शहरात मॅकडोनाल्ड्समध्ये कामाला होता, तिथं भेटेल त्याला कॅसेट देऊन राहिला. याले फॅड म्हणता का? ती खरखर ऐकली की वाटते, हा माणूस आपल्या बाजूलेच बसून गाते.

चष्मेवाला, महाल
त्याचा आजार सोयीस्कर विसरलात, भाऊ. मानसिक आजारानं तो आयुष्यभर पोळला. १९९२ मध्ये निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेननं त्याच्या बेडकाचं चित्र असलेला टी-शर्ट घातला आणि जग त्याच्याकडे वळलं, ते किती गाण्यासाठी आणि किती वेड्याच्या गोष्टीसाठी? गाण्यांचं म्हणाल तर २००४ मध्ये टॉम वेट्स, बेक अशा नावाजलेल्या गायकांनी तीच गाणी गायली. तिथं ना ती कॅसेट, ना ती खरखर, तरी गाणी उभी राहतात. मग खरखरीचं एवढं कौतुक कशाला?

अजनी लोको
दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरून राहिले तुम्ही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर भीमगीतांच्या कॅसेटी मिळायच्या, आठवते? ढोलकी इतकी पुढं की शब्द दबून जाय, कोरस माइकमध्ये फाटे. पण गायक सुराला पक्के, आणि ऐकणारे लाखांनी. पैसा नव्हता म्हणून ध्वनी तसा; त्याच्यापायी त्यांना कोणी मोठे कलावंत म्हटलं नाही. उलट अमेरिकेतला बडा रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन, त्यानं १९८२ मध्ये 'नेब्रास्का' अल्बम घरी चार ट्रॅकच्या कॅसेटवर भरला. बँडसोबत स्टुडिओतही करून पाहिला, नाही जमलं, म्हणून कॅसेटच बाजारात आणली. तिथं त्याच खरखरीची वाहवा झाली.

खामल्याचा टेपवाला
भीमगीतांचं पटलं. पण ते माझ्याच बाजूचं आहे. मी कधी म्हटलं की आवाज खराब म्हणून गाणं चांगलं? आणि शुद्धमध्यम ताई, पोरींची शाळा सोडवली ते वाईटच, त्यावर वादच नाही. पण डॉटनं २०१३ मध्ये स्वतःच्या बँडचा अल्बम काढला. तेव्हा बाप नव्हता मागे.

शुद्धमध्यम
अडतीस वर्षांनी! आणि सोबतीला शिकलेले वादक घेऊन. बरं, तो अल्बम किती वेळा ऐकलात?

खामल्याचा टेपवाला
एकदा. वादक फार समजूतदार आहेत हो, हेलनसारखं मध्येच कोणी आडवं येत नाही.